खोकल्याच्या झुडपात तंबाखू

मावशींच्या नाकाने संस्थेला जवळजवळ जगप्रसिद्ध केलं होतं. वार्षिक अहवालात हे सापडणार नाही, कारण अहवालात नाकाला रकाना नसतो.

जुन्या औषधी वनस्पतींचे जीनोम वाचणं हे संस्थेचं काम. ज्या झाडाचा काढा लोक पिढ्यान्‌पिढ्या नाक दाबून पीत आले, त्याचा डीएनए काढायचा आणि त्यातली अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. यंत्र महागडं, संगणकांना स्वतंत्र थंड खोली. पण सुरुवात व्हायची ती मावशींच्या खलबत्त्यातून. अतिथंड नायट्रोजनमध्ये पानं कडक करायची आणि वितळायच्या आत त्यांचं पीठ पाडायचं. औषधी पानं मोठी खट. ज्या चिकाने खोकला बरा होतो, तोच चीक डीएनएचा चिखल करतो. मावशींच्या हाताखाली मात्र ती गुमान पीठ होत.

मावशींना व्यसन होतं तपकिरीचं, नाकात ओढायच्या तंबाखूच्या भुकटीचं. नवरा तंबाखूपायी गेला, जबड्याच्या कॅन्सरने. त्याच आठवड्यात एकुलत्या एका लेकीने त्यांना शपथ घातली. मावशींनी ती मनापासून घेतली आणि संध्याकाळपर्यंत कसोशीने पाळली. तेव्हापासून डबी ब्लाउजमध्ये आणि चिमूट कोठीच्या दाराआड, असा सुखाचा संसार चालला होता.

लेक त्याच संस्थेत, थंड खोलीत, संगणकासमोर. एके दिवशी ती धावतच खलबत्त्यापाशी आली.

"आई, खोकल्याच्या झुडपात तंबाखूचे जीन सापडलेत! एका नाही, सगळ्या नमुन्यांत. म्हणजे चूक असूच शकत नाही!"

सगळे नमुने एकाच बाईने कुटले होते, हे तिच्या ध्यानात आलं नाही. जगभरची माहिती तिने धुंडाळली होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

"साहेब काय म्हणाले?" मावशींनी बत्ता खाली ठेवला.

"भाषण लिहायला बसलेत. मंगळवारी बाहेरचे तज्ज्ञ येणार आहेत. मांडणार मी. पटलं तर माझी नोकरी कायम."

"आणि चुकलं तर?"

"तर साहेब म्हणतील, पोरीने सांगितलं होतं. आणि पोरगी घरी."

मावशींनी स्वतःची समजूत घालून पाहिली. असेलही झुडपात तंबाखू. देवाच्या कारखान्यात काय कमी घोटाळे आहेत? पण कारखाना देवाचा असला तरी माल आपल्या डबीतला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तपकीर मात्र लागली, आणि त्याची त्यांना फार लाज वाटली.

सोमवारी दुपारी त्या थंड खोलीत शिरल्या आणि डबी लेकीच्या टेबलावर ठेवली.

"हे घे तुझे जीन."

लेकीने डबी उघडली, वास घेतला, आणि तिचा चेहराच उतरला.

"कधीपासून?"

"सोडलीच नाही गं."

"बाबाही सोडली म्हणूनच सांगायचे," लेक म्हणाली. "आपण दोघींनी विश्वास ठेवला."

मावशी पदराआड रडल्या. लेक आधी चिडली, मग तीही रडली.

साहेबांना दोघींनी मिळून सांगितलं. "माझ्या भाषणाचं काय?" एवढंच त्यांना सुचलं. मंगळवारी लेकीने तज्ज्ञांसमोर उभं राहून नमुने खराब झाल्याचं सांगितलं. नोकरी कायम झाली नाही, गेलीही नाही. पुन्हा नमुने काढून दाखवा, मग बघू, असं ठरलं.

"दुसऱ्या कुणाला कुटायला सांग," मावशी म्हणाल्या. "माझा मलाच भरवसा नाही."

"दुसऱ्याने कुटलं की चिखल होतो. तूच कुटायचं. ओढली असेल त्या दिवशी मात्र पानांना हात लावायचा नाही."

"पुन्हा शपथ घालतेस?"

"नाही. रोज सकाळी येऊन खरं सांगायचं, बस."

पहिल्या सकाळी मावशी दारात उभ्या राहिल्या. "ओढली."

"मग बाटल्या धू."

दुसऱ्या दिवशी बाटल्या, तिसऱ्या दिवशीही बाटल्या. संस्थेत इतक्या लख्ख बाटल्या कधी कुणी पाहिल्या नव्हत्या. पानं पिकायला लागली, साहेब येरझाऱ्या घालू लागले, पण लेक हलली नाही.

मग एका सकाळी मावशी आल्या त्या लाल नाकाने, सगळ्या जगावर डाफरत. "काल नाही ओढली. आजही नाही. आणि माझ्याशी कुणी बोलू नका!"

"खरं?"

"खोटं बोलून काय करू? तुझं यंत्र मेलं चहाडखोर."

लेकीने कोवळ्या पानांची पिशवी त्यांच्या हातात दिली. मावशी दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"उद्या ओढली तर?"

"तर उद्या सांग."

शपथ असती तर मावशींनी डोळे मिटून घेतली असती. या रोजच्या खऱ्यापुढे मात्र त्यांचं काही चालेना. त्यांनी हातमोजे चढवले आणि कुटायला घेतलं.