बबननं धरलेलं दार

रविवारी दुपारी धारूरला माझ्या मोबाईलच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं, की समजायचं आत गेम चाललाय. मी गेम मास्टर. म्हणजे गुहा, राक्षस, वादळ सगळं मी तोंडानं उभं करायचं. बाकीच्यांनी त्यात शूरवीर व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे. मी आठवडाभर खपून गोष्ट रचतो आणि ही माणसं चुटकीसरशी तिची वाट लावतात. त्यामुळे माझ्याकडे गोष्टी कमी, किस्सेच जास्त जमलेत!

*

पहिलाच डाव. राक्षसाच्या दारात भालेवाला पहारेकरी. मला वाटलं, आता मारामारी होणार. आमचे किराणावाले शिवलिंगआप्पा पुढे सरसावले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

मी गडबडलो. तोंडाला आलं ते बोललो, "चकलांब्याचा."

"चकलांब्याला तर आमची बहीण दिलीय!"

बघता बघता तो आप्पांच्या मेव्हण्याचा चुलतभाऊ निघाला. मी म्हणालो, "आप्पा, लढा की!"

"सोयऱ्यावर हात टाकायचा? काय बोलता मास्तर! चहा ठिवायला सांगा त्येला."

*

रेखाताई झेडपीच्या शाळेत शिकवतात. एकदा डाकूंचा सरदार यांच्या हाती लागला, पण खजिना कुठं लपवलाय ते सांगेना. सरदाराचं मीच बोलत होतो, चांगला माज करून. ताई शांतपणे म्हणाल्या, "उभा राहा. हात पुढं कर."

मी उभा राहिलो. हातसुद्धा पुढं केला! खजिन्याची जागा सांगून टाकली, फासे टाकायचे राहूनच गेले.

*

तिसरा बबन. थोडी शेती, आणि दसरा झाला की ऊसतोड. त्याचा शूरवीर त्याच्यासारखाच दणकट, कमी बोलणारा. एकदा चोर पळत होते आणि यांच्या गाडीचा बैल चिखलात रुतला. सगळे चोरांमागं धावले. बबन थांबला.

"खोटा बैल हाय बे, सोड!" मी ओरडलो.

"खोटा असला तरी बैलच हाय. कावून सोडायचा?"

दुपार बैल काढण्यातच गेली. चोर निसटले. तेव्हापासून हा माणूस मला फार आवडतो.

*

दसऱ्यानंतरचा रविवार. आप्पा आणि ताई गुहेत असताना दगडी दार वरून खाली यायला लागलं. बबननं ते खांद्यावर घेतलं. पेलतंय की नाही, ते फाशावर ठरणार, तेवढ्यात मुकादमाचा फोन! टोळीची गाडी आली होती.

"यंदा कर्नाटकात. जमलं तर तिकडंच राहीन म्हन्तो," एवढं बोलून बबन गेला. फासा टाकायचा तसाच राहिला.

*

बरेच दिवस वाट बघून मी म्हणालो, "असं करू, दार पडलं अन् बबनचा गडी मेला. त्याच्या जागी माझा चुलतभाऊ खेळेल."

"त्येला इचारल्याबिगर कसं मारता?" आप्पा तडकले.

ताई म्हणाल्या, "त्यानं दार धरलंय. आम्ही आतच थांबतो."

आणि थांबले! अख्खा हंगाम त्याच गुहेत. आप्पांनी आत किराणा टाकला, गिऱ्हाईक सगळी भुतं. ताईंनी भुतांच्या पोरांची शाळा भरवली. मी नावाचा मास्टर, मला गुहेबाहेरचं एक वाक्य बोलू दिलं नाही. बबनचा फोन लागत नव्हता. तो परत येईल का, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

*

गुढीपाडवा झाल्यावर एका रविवारी शटरखालून वाकून कुणीतरी आत आलं. बबन! उन्हानं रापलेला, वाळलेला. ताईंनी खुर्ची सरकवली. तो बसला नाही. मान वाकवून, खांदा वर काढून तसाच उभा राहिला.

"आता तरी निघा की भायेर! खांदा दुखायलाय माझा."