चिंचेचा ढिल्ला दोर

धडधाकट माणूस झाडांच्या नादी लागून किती वाया जाऊ शकतो हे ज्याला पाहायचं असेल, त्याने जानेफळला आमच्या थोरल्या मावसभावाकडे जावं. हा माणूस माणसांकडे बघतच नाही. लग्नाला गेला तर नवरदेव काळा की गोरा हे याला सांगता येणार नाही, पण मांडवामागचा लिंब कोणत्या बाजूला कलला आहे ते अक्षता पडायच्या आधी ठाऊक. स्वतःच्या मुलीची सोयरीक ठरवायला गेलो, तेव्हा व्याही चहाचे कप घेऊन उभे आणि हा परसात. आत आला तो थेट म्हणाला, "तुमच्या आंब्याची फांदी फाटून राह्यली. टेकूले बल्ली हाय का घरात?" सोयरीक जमली ती केवळ मुलीच्या नशिबाने.

कलतं झाड दिसलं की टेकू लावायचा, फाटतं दिसलं की बांधायचं, एवढाच याचा उद्योग. आणि सामान सगळं घरातलं. बैलगाडीचं जू गेलं, दाराचा अडसर गेला. एकदा वहिनी माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आली, "भाऊजी, यायनं माही बाज मोडून उंबराले लावली. आता म्या निजू कुठी?" याचं उत्तर तयार होतं, "उंबर पडला तं परत उभा राह्यते का? तू खाली निज."

गेल्या उन्हाळ्यात बाजाराच्या रस्त्यावरची जुनी चिंच बेचक्यात चिरली. चिरेत हात जायचा. खाली भाजीवाल्या बायका बसतात, म्हणून चिंच तोडायचं ठरलं, आणि माझ्या मते बरोबरच ठरलं. हा मात्र सरपंचासमोर हात जोडून उभा. "एक वादळ पाहू द्या. उभी नाई राह्यली तं मीच करवत आणतो." सरपंचाने बायकांना तेवढ्यापुरतं पलीकडे बसवलं आणि करमणूक म्हणून हो म्हटलं.

मग तमाशा सुरू झाला. चिरलेल्या दोन्ही खोडांतून याने आरपार बोल्ट घातला. वरच्या फांद्यांना विहिरी खोदणाऱ्या यारीचा जुना वायररोप बांधला, साल कापू नये म्हणून त्याखाली टायरचे तुकडे. इथवर ठीक. पण तो दोर चक्क ढिला! मी खालून ओरडलो, "दादा, झाड बांधून राह्यला का धुनं वाळू घालाची सोय करून राह्यला?"

"घट्ट बांधलं का झाड आळशी होते बे," वरून आवाज आला. "हलू द्या लागते त्याले. लयच झुकलं तवाच धरा लागते." सगळा बाजार हसला. मी तर हे वाक्य मेहकरपर्यंत पोचवलं.

वादळ आलं ते भर दुपारी. माझ्या गोठ्यावरचे पत्रे उडाले. चिंच वेड्यासारखी हलली; दोर ताणला जायचा, सैल पडायचा, पुन्हा ताणला जायचा. झाड उभं राहिलं. आणि हा शहाणा, पाऊस थांबायच्या आत, दोर पाहायला ओल्या शिडीवर चढला आणि घसरून धाडकन खाली आला. खुबा मोडला. गावभर टेकू वाटणाऱ्या माणसाला शिडी धरायला एकाला हाक मारता येऊ नये! इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता.

आता त्याच्या खुब्यातही बोल्ट आहे. डॉक्टरांनी काठी दिली, तिचा याने पेरूला टेकू केला. त्यामुळे त्याला रोज चिंचेपर्यंत चालवायचं काम माझ्याकडे आलं आहे. भाजीवाल्या पुन्हा सावलीत बसू लागल्या आहेत. त्यांच्याकडे हा बघत नाही, वर दोराकडे बघत चालतो. परवा असाच ठेचकाळला. मी घाबरून त्याचा दंड गच्च आवळला.

"ढिल्लं धर बे," तो म्हणाला.

मी बोटं सैल केली, पण हात काढला नाही. तसाच त्याच्या पावलाने चिंचेपर्यंत चाललो. हा माणूस पडू नये, एवढंच मनात होतं.