पोचपावतीबाईंचं कबूतर

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींना सगळे पोचपावतीबाई म्हणतात. हे नाव मी ठेवलं. इमारतीतली बरीचशी नावं माझ्याच दुकानात बेतली जातात. जिन्याशेजारी शिलाईचं दुकान असलं की येणारा-जाणारा प्रत्येकजण मापाला सापडतोच. वहिनींच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, 'बाई' कशाला जोडलंत? नुसतं पोचपावती पुरलं असतं. कापड वाया घालवता."

नाव उगाच पडलेलं नाही. त्या घरात कुणी "झालं" म्हटलं म्हणून झालं असं धरत नाहीत. नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक, स्वभावाने मऊ, जिन्यातून उतरता उतरता ओरडतो, "गॅस बंद केलाय गं!" वरून उत्तर येतं, "फोटो?" की बिचारा पुन्हा चढायला लागतो. या चढउतारानेच त्याचं पोट अजून आटोक्यात आहे, पट्ट्याच्या भोकांवरून सांगतो मी.

एकदा मी न राहवून विचारलंच, "वहिनी, सख्ख्या नवऱ्यावर एवढा अविश्वास?"

"छे हो. त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण विश्वास ठेवायची पाळीच येणार नाही अशी सोय केली, की तो विश्वास वर्षानुवर्षं टिकतो. वापरला की झिजतो."

आता अशा बाईला नोकरी कोणती मिळावी? ब्लॉकचेन एकमेकींना जोडायची. तुम्ही घाबरू नका, मीही आधी घाबरलो होतो. ब्लॉकचेन म्हणजे अशी नोंदवही, जिची नक्कल सगळ्या सभासदांच्या घरच्या संगणकांवर असते. एकाने गुपचूप पान फाडलं तरी बाकीच्यांकडे ते असतंच, त्यामुळे कुणाला लबाडी जमत नाही. गोची अशी, की एक वही दुसरीला ओळखत नाही. या वहीतली वस्तू त्या वहीत न्यायची तर मधे कुणीतरी दलाल बसतो. तो म्हणतो, "द्या इकडे, मी तिकडे सांगतो." सगळा माल त्याच्या मुठीत. मूठ सैल झाली किंवा कुणी ती पिरगाळली, की दोन्हीकडचे बोंबलत बसतात.

"आणि तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"आटे पाडते," वहिनी म्हणाल्या. त्यांचे वडील नळजोडणीचं काम करायचे. "कुठल्याही दुकानातला नळ कुठल्याही पाइपला बसतो की नाही? कारण आटे कसे पाडायचे हे सगळ्यांनी मिळून एकदा ठरवलंय. ते कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. तसेच आटे मी दोन साखळ्यांच्या, म्हणजे या वह्यांच्या, टोकांना पाडते. मग निरोप कुणीही न्यावा. अगदी तुम्हीसुद्धा."

"मी?"

"हो. तुम्ही तो वाचाल, गावभर कराल, वाटेत चहाला थांबाल. पण बदलू शकणार नाही. निरोपाबरोबर पुरावा जातो आणि पलीकडची साखळी तो स्वतः तपासते. नेणारा कसा आहे याला महत्त्वच उरत नाही."

माझ्याबद्दल इतकं नेमकं अजून कुणी बोललं नव्हतं.

हे आटे वहिनी कित्येक वर्षं पाडत होत्या. लग्नात मुंडावळ्या सुटायच्या आधी एका कलमाची दुरुस्ती पाठवली म्हणतात. हे मी सांगतोय, तेव्हा थोडं कमी करून घ्या. देशोदेशीच्या लोकांची एक समिती असते, ती असले नियम मान्य करते. वहिनींच्या नियमांवर ती मान डोलवायची आणि म्हणायची, "छान आहे, पण चालवून दाखवा." बँका म्हणाल्या, आधी दुसऱ्या कुणावर चालवा. विमावाले म्हणाले, बँकांनी चालवलं की आम्ही. त्यात एक मोठी कंपनी समितीपुढे आली. दोन साखळ्या जोडणारा तिचा स्वतःचा तयार पूल होता, चकचकीत, बंद पेटीतला, आणि मधे अर्थातच कंपनी स्वतः. समितीने सांगून टाकलं, की दोघांचीही चाचणी घेऊ आणि एकच निवडू. वहिनींचे नियम नाकारले गेले असते तर त्यांचं सगळं काम कपाटात गेलं असतं. पुन्हा कुणी विचारणार नव्हतं.

गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा घरातलंच एक उठून उभं राहिलं: सासरे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. आबांचा जीव कबुतरांत. गच्चीवर त्यांची ढाबळ आहे आणि त्या ढाबळीखाली कपडे वाळत घालण्याचं धाडस इमारतीत कुणी करत नाही. शर्यतीच्या कबुतरांत पूर्वी फार फसवाफसवी चाले; एकाच पक्ष्याची वंशावळ दोघांना विकायची. म्हणून आबांच्या क्लबाने पक्ष्यांच्या पायातल्या कड्यांची नोंद ब्लॉकचेनवर घेतली. नदीपलीकडच्या क्लबाने हे पाहिलं आणि निव्वळ चढाओढीने स्वतःची वेगळी ब्लॉकचेन काढली. तिथला अध्यक्ष इतका हुकमी बोलतो, की त्याला दोन्हीकडे सरसेनापती म्हणतात. (हे नाव माझं नाही. असतं तर बरं झालं असतं.)

तर यंदा दोन्ही क्लबांची मिळून शर्यत, आणि अट अशी, की उडणाऱ्या प्रत्येक पक्ष्याची नोंद पलीकडच्या साखळीत गेली पाहिजे. इकडे आणि तिकडे, दोन्हीकडे एकच कबूतर असता कामा नये. आबा सुनेला म्हणाले, "ने माझी राणीसरकार. पण केसाला धक्का लागला तर बघ."

"तिला केस नाहीत, आबा."

"पिसाला म्हणतोय मी!"

चाचणी क्लबाच्या वरच्या दालनात झाली, भर दुपारी. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर समितीची मंडळी आपापल्या खोल्यांतून डोकावत होती. एका कोपऱ्यात वहिनी आणि त्यांचा संगणक. दुसऱ्या कोपऱ्यात कंपनीचे टायवाले साहेब; कोट महागाचा, पण खांद्यात ढगळ. ते आबांच्याच क्लबातल्या एका पाववाल्याचा पक्षी पलीकडे नेणार होते, त्याचं नाव पहिलवान. राणीसरकार टोपलीत बसून घूं-घूं करत होती.

मी वहिनींच्या कानात म्हटलं, "अहो, पण ही तर इथंच आहे!"

"नोंद जाणार आहे, भाऊजी. पक्षी कशाला? पक्ष्याला रस्ता माहीत आहे."

व्यवस्था सोपी होती. राणीची नोंद आपल्या साखळीत कुलूपबंद करायची, पुरावा पलीकडे पाठवायचा, पलीकडे तिचं नाव चढायचं, तशी पोच यायची. ठरलेल्या मुदतीत नाव चढलं नाही, तर इकडचं कुलूप उघडून राणी पुन्हा आबांच्या नावावर. दोन्ही पाठवण्या एकदमच झाल्या. आम्ही पडद्याकडे डोळे लावले.

काहीच होईना. मग आबांचा फोन वाजला. पलीकडून सरसेनापतींचा आवाज अख्ख्या दालनात घुमला, "अहो, आमच्याकडची वीज गेलीय! अख्ख्या भागाची! सगळ्यांचे संगणक आडवे. आमची साखळी थांबलीय!"

"पण राणी पोचली का?" आबा ओरडले.

"अंधारात काय दिसणार मला? थांबा!"

भिंतीवरचा काटा सरकत मुदतीच्या पुढे गेला. टायवाल्या साहेबांच्या संगणकातून गोड घंटी वाजली. "मुदत संपली. आमच्या पुलाने पहिलवान मालकाच्या नावावर आपोआप परत केला," ते हसून म्हणाले. पाववाल्याने टाळ्या वाजवल्या, म्हणून इतरांनीही वाजवल्या. पडद्यावर समितीतला एक टकलू काहीतरी लिहून घेत होता.

सगळ्या माना वहिनींकडे वळल्या. त्या हात बांधून बसल्या होत्या.

"सूनबाई, आपली राणी परत घे," आबा म्हणाले.

"नाही, आबा. अजून नाही."

"वेळ संपली ना? घड्याळ बघ!"

"हे आपलं घड्याळ आहे."

"मग काय लोकांचं बघू? तिकडे सगळं बंद पडलंय आणि माझा पक्षी ना इकडे ना तिकडे! घरची माणसं अशी वागतात का?"

नवरा मधे काही बोलायला उठला आणि दोघांकडे बघून पुन्हा बसला. पडद्यावरचा टकलू म्हणाला, की वाट पाहायला समितीकडे फार वेळ नाही. आणि ते त्याने फार सभ्यपणे म्हटलं, म्हणून जास्तच वाईट वाटलं. वहिनींच्या बोटाजवळ एक कळ होती. हाताने परत घेण्याची, चाचणीपुरती ठेवलेली. मी पाहिलं, बोट तिच्यावर गेलंही. एवढ्या वर्षांचं काम आणि समोर रागावलेला सासरा. कुणीही दाबली असती.

त्यांनी बोट उचललं आणि आबांकडे वळल्या.

"आबा, शर्यतीत पक्षी सोडतो तो एक, आणि तो उतरतो दुसऱ्याच्या ढाबळीत. पोचला कधी, हे कुणाच्या घड्याळाने धरता?"

"ज्याच्या ढाबळीत उतरला त्याच्या. मोहोरबंद घड्याळ असतं तिथं. हे काय विचारणं झालं? सोडणाऱ्याला काय दिसणार..." आबा बोलता बोलता थांबले.

"सोडणाऱ्याला काहीच दिसत नाही," वहिनी म्हणाल्या. "पलीकडची साखळी थांबली, तसं तिचं घड्याळही थांबलं. तिच्या हिशेबाने मुदत अजून संपलेलीच नाही. राणी पोचली नाही हे मला तिनेच सांगायला हवं, तिच्या शिक्क्यासकट. ते येईपर्यंत मी परत घेणार नाही. तुम्ही रागावलात तरी."

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग पडद्याकडे बघून, जणू नियम त्यांनीच लिहिलाय अशा थाटात म्हणाले, "साहेबलोक, थांबावं लागेल. पद्धत आहे."

थांबलो. समितीतल्या एका बाईंनी विणकाम काढलं. पाववाला माझ्याशी शर्टाच्या दरावरून घासाघीस करू लागला, तीही मी करू दिली. टायवाले साहेब घड्याळाकडे आणि मी त्यांच्या खांद्याकडे बघत होतो.

शेवटी फोन खणाणला. "आली! वीज आली!" सरसेनापती गरजले. "आणि तुमचे दोन्ही पाहुणे आमच्या यादीत आहेत. वीज जायच्या क्षणभर आधीच पोचले होते की!"

वहिनींच्या पडद्यावर राणीसरकारची पोच उमटली. राणी पलीकडे, इकडे कुलूपबंद; सगळं जागच्या जागी.

"दोन्ही?" पाववाला उठून उभा राहिला. "माझा पहिलवानसुद्धा? पण तो तर मला परत मिळालाय!"

सगळ्यांनी पाहिलं. पहिलवान इकडच्या साखळीत होता आणि पलीकडच्याही. दोन क्लबांत, एकाच वेळी, छाती काढून.

"एकावर एक फुकट!" मी म्हणालो. अहो, राहवतं का?

"दोघांना विकता येईल!" कुणीतरी मागून ओरडलं, आणि दालन हसण्याने दणाणलं. आबा सगळ्यात मोठ्याने हसत होते, कारण याच फसवणुकीपायी त्यांनी ऐन तारुण्यात एकाशी बोलणं सोडलं होतं.

टायवाले साहेब घाईने म्हणाले, "काळजी नको. आमची माणसं मधे असतात, ती हाताने दुरुस्त करतात."

"तेच ना," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या हाताने."

बिचाऱ्याचा चेहरा पडला. मला त्याची दया आली, म्हणून कोट उसवून नीट करून देतो म्हटलं. तो आलाही दुसऱ्या दिवशी. माणूस वाईट नव्हता, फक्त मापात चुकला होता.

समितीचा निर्णय पुढच्या आठवड्यात आला: वहिनींचे नियम मान्य. सगळ्यांसाठी खुले, कुणीही वापरावेत. इमारतीने जिन्यातच अभिनंदनाची गर्दी केली. कंपनीनेही जाहीर केलं, की आपला पूल आता त्याच नियमांवर बांधणार. मला वाटलं, वहिनी चिडतील. त्यांनी नुसतं "बांधू दे की, आटे सगळ्यांचेच आहेत" म्हटलं आणि भाजी घेऊन वर गेल्या. एवढ्या मोठ्या विजयानंतर असा कोरा चेहरा! मला तर फसवल्यासारखंच झालं.

खरा चेहरा नंतर पाहिला. एका सकाळी त्या धावतच दुकानात आल्या. केस अर्धे विंचरलेले, हातात फोन.

"भाऊजी! कंपनीतल्या एका मुलीने लिहिलंय. माझ्या नियमांतलं मुदतीच्या कलमातलं तिसरं वाक्य तिला कळलं नाही. दोन अर्थ निघतात म्हणते!"

"अरेरे," मी म्हटलं. "मग?"

"मग काय, अरेरे कसलं? निघतात! मीही आता वाचलं, खरंच निघतात!" त्यांचे डोळे चमकत होते. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते शेवटपर्यंत वाचलंय!"

आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बैठक मारून, माझा मापाचा खडू हातात घेऊन, त्यांनी तिथंच, पाववाल्याच्या शर्टाच्या पाठीवर, ते वाक्य नव्याने लिहायला घेतलं.