सासूच्या आधी कॉम्प्युटरला कळलं

"चपला बाहेर काढ," दारातला शिपाई म्हणाला.

काढल्या. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ चालत नाही म्हणे. बाहेर पायपुसणं, मग काचेचा दरवाजा, आत गारेगार. दसऱ्याला त्या कॉम्प्युटरला हार घातलेला, नारळ फोडलेला, कपाळाला लावावं तसं काचेच्या वर कुंकू लावलेलं. ते मी लांबून बघितलेलं. आम्हाला आत कोणी बोलवत नसे. त्या दिवशी बोलावलं.

पर्सनल ऑफिसर, म्हणजे कामगारांचं बघणारा साहेब, खुर्चीत रेलून बसलेला. शेजारी कॉम्प्युटरवाला, कंपनीने बाहेरून आणलेला, टाय लावून. दोघांच्या मधे कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद. साहेबाने त्यावर पेन फिरवलं, एका जागी टेकवलं आणि माझ्याकडे बघून हसला.

"काय बाई, पेढे कधी?"

मला काही कळेना.

"आधी दिवसाला दोनदा बाथरूमला जायचीस. आता पाचदा, सहादा. आणि दर महिन्याला चार दिवस जरा जास्त वेळ लागायचा तुला. ते चार दिवस दोन महिने झाले, आलेच नाहीत." मग कॉम्प्युटरवाल्याकडे वळून म्हणाला, "हिच्या सासूला कळायच्या आधी आपल्या कॉम्प्युटरला कळलं."

दोघेही हसले. कॉम्प्युटरवाला थोडा उशिरा हसला, साहेबाचं तोंड बघून.

माझी पाळी. दोन परके पुरुष, एक कागद, आणि माझी पाळी. पायाखाली थंडगार फरशी. त्या पेनाची किळस आली. ते पेन माझ्या अंगावरून फिरवल्यासारखं वाटलं. आजही तसला भोकांचा कागद कुठे दिसला की मला तोंड फिरवावं लागतं.

आणि खरंच, सासूला सांगितलेलं नव्हतं. आमच्यात तिसरा महिना भरेपर्यंत बोलत नाहीत. एकट्या नवऱ्याला माहीत होतं.

ही नव्वदच्या पुढची गोष्ट. ठाण्याला औषधांच्या कंपनीत मी पॅकिंगला होते. बेल्टवरून गोळ्यांच्या पट्ट्या येतात, आपण स्टुलावर बसून त्या खोक्यात भरायच्या. सगळ्या बायका. काही पर्मनंट, बाकी माझ्यासारख्या टेम्पररी. टेम्पररी म्हणजे काय, तर काही महिने काम, मग ब्रेक, मग परत बोलावलं तर बोलावलं. दिवस गेलेल्या बाईला ब्रेक दिला की परत बोलवत नसत. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. म्हणून पोट दिसेपर्यंत कोणी बोलायचं नाही.

त्या वर्षी काहीजणींना पर्मनंट करणार होते. माझी किती वर्षं ब्रेकवर ब्रेक खाण्यात गेलेली. विठ्ठलवाडीला भाड्याची खोली, सासू-सासरे आमच्याजवळ, नवऱ्याचा टेम्पो शीळफाट्याला दिवस दिवस भाड्याची वाट बघत उभा. पर्मनंट झाले असते तर बाळंतपणाची रजा मिळाली असती, आणि परत येऊन बसायला माझं स्टूल माझंच राहिलं असतं. मला तेवढंच पाहिजे होतं.

आता ह्या कार्डाचं सांगते.

आधी आमच्याकडे पितळेचे दोन बिल्ले होते. सुपरवायझरच्या टेबलाशी खिळ्याला टांगलेले. मुतायला जायचं तर बिल्ला घेऊन जायचं, आल्यावर परत लावायचा. दोनच बिल्ले, एवढ्या बायका. पण आमचं आमचं बरोबर चालायचं. जिची पाळी आली असेल तिने भरलेला एक खोका आपल्या समोर उलटा ठेवायचा. बस. तोंडाने काही नाही. मग बिल्ला कुठेही असू दे, बेल्टच्या खालून, हातोहात सरकत तिच्यापर्यंत जायचा. जिला दिवस गेलेत तिलाही तसाच. कोण कशात आहे ते सगळ्या बायकांना कळायचं आणि एकाही पुरुषाला कळायचं नाही. ही रीत हिराबायने पाडलेली. हिराबाय म्हणजे ठाण्याच्या खाडीवरच्या कोळीवाड्यातली, कंपनीतली सगळ्यात जुनी बाई, पर्मनंट.

मग बिल्ले गेले. मुतारीच्या दारात एक डबा बसवला. प्रत्येकीला काळ्या पट्टीचं कार्ड, गेटवरही तेच. जाताना घासायचं, येताना घासायचं, टूं करून हिरवा दिवा लागला की झालं. साहेबाने आम्हाला कँटीनमधे बसवून भाषण केलं. साहेब नौपाड्यात राहणारा, बोलणं एकदम शुद्ध, शिवी कधी नाही. म्हणाला, "आता कोणी वशिला लावायचा नाही, कोणी कोणाच्या पाया पडायचं नाही. कोणाला पर्मनंट करायचं ते कॉम्प्युटर ठरवेल. कॉम्प्युटरला नातंगोतं नसतं, जातपात नसते." आम्ही टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. मला ते बरं वाटलेलं, खोटं कशाला सांगू.

तर त्या गार खोलीत हसून झाल्यावर साहेब एकदम मायेने बोलायला लागला.

"पर्मनंटच्या यादीत तुझं नाव कॉम्प्युटरने घातलं होतं. आता ठेवता येत नाही. माझ्या हातात काही नाही, सिस्टीम घेत नाही." थांबला. "अजून वेळ गेलेली नाही म्हणा. डॉक्टर असतात. दोन दिवसांची रजा मी देतो. बघ, घरी बोल."

इतक्या गोड आवाजात. खिडकी लावून घे म्हणावं तसं. मी तोंडावर पदर दाबून बाहेर आले आणि मुतारीत जाऊन ओकले. जाताना कार्ड घासलं. हो, घासलं. ओकायला जातानाही हात आपोआप कार्डाकडे गेला, आणि त्याची मला त्या माणसाहून जास्त शिसारी आली.

हिराबाय मागोमाग आली. तिला सगळं सांगितलं. तिने चूळ भरायला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "रडू नको गो. तुजं एकलीचं नाव कनाला? मशीनला सांगाचं, आमी सगल्या गरवार. माजा नातू सालंत जातंय, मी बी गरवार."

मला वाटलं माझं मन राखायला बोलतेय. पण दुसऱ्या दिवशी बेल्ट सुरू झाला आणि हिराबायने एक भरलेला खोका आपल्या समोर उलटा ठेवला. त्या वयात. पलीकडची बघून गालात हसली, तिनेही ठेवला. मग पुढचीने. आणि बेल्टच्या खालून काहीतरी सरकत माझ्या मांडीवर आलं. कार्ड. एक नाही, तीन-चार.

कळलं. जी जाईल तिने बाकीच्यांची कार्डं घासायची, म्हणजे सगळ्यांच्याच फेऱ्या वाढलेल्या दिसणार. बिल्ले जसे फिरायचे तशी आता कार्डं फिरायला लागली. काम कोणाचं थांबलं नाही, खोके कमी भरले नाहीत, डबा मात्र दिवसभर टूं टूं करत राहिला. सगळ्याच तयार झाल्या असं नाही. एक टिटवाळ्याची मुलगी होती, माझ्यासारखीच टेम्पररी. ती म्हणाली, "ताई, माझं कार्ड नका घेऊ, माझं पण नाव लागायचंय." मी तिचं कार्ड घेतलं नाही. तिच्या घरचं मला माहीत होतं. पण ज्यांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं अशा कितीतरी टेम्पररी बायकांनी आपली कार्डं दिली, आणि त्यांचंही नाव लागायचं होतं. पंधरवडाभर हे चाललं.

मग परत बोलावणं आलं. परत चपला बाहेर.

ह्या वेळेला कॉम्प्युटरवाला घामाघूम, त्या गारव्यात. कागद टेबलावरून खाली लोंबत होता. मी नववीपर्यंत शिकलेली, इंग्रजी नावं वाचता येतात. उलटी नावंही वाचता येतात. माझ्या नावापुढे जशी खूण, तशीच अर्ध्या बेल्टच्या नावांपुढे. हिराबायच्याही.

कॉम्प्युटरवाला सांगत होता, "सर, सिस्टीमच्या हिशोबाने ह्या सगळ्या..." पुढे त्याने हिराबायच्या नावावर नुसतं बोट ठेवलं.

साहेब चिडला नाही. चष्मा पुसला. आणि माझ्यादेखत, मी तिथे उभीच नाही अशा आवाजात म्हणाला, "हे बाकीचं काढून टाका. हिचं तेवढं राहू द्या."

कॉम्प्युटरवाल्याने दोन-चार बटणं दाबली. झालं. बाकीच्यांच्या खुणा गेल्या. माझी राहिली.

हे एक वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं. मशीनने सगळ्यांबद्दल एकच सांगितलेलं. नावं निवडली ह्याने. माझ्या हातात काही नाही म्हणणारा हाच, आणि हाताने निवडणारा हाच. गेले कित्येक दिवस मी त्या डब्याला शिव्या घालत होते, रात्री झोपेत टूं ऐकून दचकत होते. आणि हा त्याच्या मागे बसलेला, इस्त्रीचा शर्ट घालून. स्वतःचं काम दुसऱ्याच्या नावावर खपवणारा भामटा. तेही असल्याच्या नावावर, ज्याला बोलता येत नाही.

त्याने एक कागद पुढे सरकवला. राजीनामा, टाइप केलेला. घरगुती कारणामुळे स्वखुशीने नोकरी सोडत आहे. खाली सहीला जागा.

"तुझ्यासाठीच बरं आहे," म्हणाला. "रेकॉर्ड स्वच्छ राहील."

मी कागद त्याच्याकडे परत सरकवला.

"मी सोडत नाही. तुम्ही काढताय. मग तुम्ही लिहा."

"काय लिहू?"

"लिहा, बाई मुतायला जास्त गेली म्हणून काढली. लिहा, बाईला दिवस गेले ते आम्ही मोजून काढलं म्हणून काढली. खाली तुमचं नाव लिहा. सही करा."

शुद्ध बोलणाऱ्या माणसाचं तोंड लालबुंद झालं. "असं लिहीत नाहीत," म्हणाला.

"मग बोललात कसं?"

मी कॉम्प्युटरवाल्याकडे बघितलं. म्हटलं, "तुमच्या मशीनने ठरवलंय ना? मग त्याला सही करायला सांगा." तो कीबोर्डाकडे बघत बसला. ह्यांना माझ्या पोटातलं मोजता येत होतं, पण चार ओळी लिहून खाली नाव टाकायची छाती एकाचीही नव्हती. थू.

मी सही केली नाही. बाहेर येऊन चपला घातल्या आणि बेल्टवर जाऊन शिफ्ट सुटेपर्यंत खोके भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर कार्ड घासलं. लाल दिवा. परत घासलं. लाल. वॉचमन ओळखीचा, रोज चहा मागणारा. मान खाली घालून म्हणाला, "ताई, मशीन घेत नाही."

म्हटलं, "मशीनला राहू दे. साहेबाला बाहेर बोलाव. तोंडाने सांगू दे."

तो आत जाऊन आला. साहेब मीटिंगमधे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी गेटवर उभी राहिले. आतून बायका जाळीशी आल्या, हिराबायने जाळीतून माझा हात धरला. ऑफिसातून कोणी आलं नाही. कागदही आला नाही. मला कोणी काढलं ते अजून कुठे लिहिलेलं नाही.

घरी जाऊन सासूला दोन्ही सांगितलं, दिवस गेलेत आणि नोकरी गेली. ती आधी नोकरीचं रडली. मला राग आला नाही. ती कोणाच्या मागे लपून रडली नाही.

मुलगी झाली. ती आता शाळेत जायला लागली आहे. मी डोंबिवलीला दुसऱ्या कंपनीत लागले, तिथेही टेम्पररीच. गेटवर कार्ड घासते, वेळेत येते, वेळेत जाते, त्याला माझी ना नाही. पण आज मुतारीच्या दारात भिंतीला भोकं पाडायला माणूस आला. डबा बसवणार. मी विचारलं, कोणी सांगितलं? म्हणाला, सिस्टीम येतेय. ते झालं, पण कोणी सांगितलं? नाव काय त्याचं?

त्याला माहीत नव्हतं. मी बेल्ट सोडून भिंतीला पाठ लावून उभी राहिले. सुपरवायझर आला, म्हणाला, बाई, तुझं नाव वर जाईल.

"जाऊ दे," मी म्हटलं. "माझं लिही, पूर्ण लिही. आणि ज्याने हा डबा मागवला त्याला खाली आण. इथे, आम्हा सगळ्या बायकांसमोर, आमचं मुतणं कशाला मोजायचंय ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि सांगून झाल्यावर लिहून खाली सही करायची. तोपर्यंत ह्या भिंतीत खिळा जाणार नाही."

तो माणूस ड्रिल घेऊन परत गेला. उद्या परत येईल, मला माहीत आहे. मी भिंतीशीच असेन.