उसवे मास्तर

नवी वस्तू घरात आली की माणसांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो आमच्या मास्तरांच्या चेहऱ्यावर एखादी वस्तू काढून टाकल्यावर दिसत असे. वाशीमला ते संगणकाचे वर्ग घेत. वडील शिंपी असल्यामुळे जुने कपडे उसवण्याचे काम लहानपणीच त्यांच्या वाट्याला आले होते. पुढे ते इतरांनी लिहिलेल्या कोडातला अनावश्यक भाग हलक्या हाताने काढू लागले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांना ‘उसवे मास्तर’ म्हणायला सुरुवात केली. हे नाव त्यांना मनापासून आवडे. “अब्बा म्हनत, शिवनं कोनीबी शिकते, गुरुजी. कापडाले कळू न देता टाका काढाले हात लागते.”

मी जन्मभर संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर आम्ही काही जणांनी एक मंडळ स्थापून संकेतस्थळ सुरू केले. त्यावर स्तोत्रे होती, त्यांचे अर्थ होते, आणि ज्या कुटुंबांनी आपल्या दिवंगतांच्या तिथी कळवल्या होत्या त्यांना आदल्या दिवशी फोनवर स्मरण पाठवण्याची सोय होती. बाहेरगावच्या कुणीतरी ते जावास्क्रिप्टमध्ये बांधून दिले होते. पण इंझोरीसारख्या खेड्यात कुणी साध्या फोनवर ते उघडले, तर पान दिसेपर्यंत आख्खे स्तोत्र तोंडपाठ म्हणून होई. म्हणून मी मास्तरांना गाठले.

संकेतस्थळाला काय काय जोडले आहे त्याची यादी त्यांनी उघडली आणि हसत सुटले. “गुरुजी, हे संकेतस्थळ हाये का लग्नाचा मांडव?” दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार कोड आपल्या कामात जोडून घेता येते, त्याला पॅकेज म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. “एक पाहुना बोलावला, त्यानं आपले चार आनले, त्या चौघायनं आनखी आनले. आता घरचे कोन तेच समजून नाही राह्यलं.” दसऱ्याला पडद्यावर फुले पडावीत म्हणून आणलेले एक पॅकेज होते. फुले कधीच बंद झाली होती, पॅकेज मात्र मुक्कामाला होते.

काढण्याची त्यांची रीत मला एखाद्या अनुष्ठानासारखी वाटे. एका वेळी एकच पॅकेज काढायचे. मग संकेतस्थळ पुन्हा उभे करून प्रत्येक पान स्वतः उघडून पाहायचे, आणि ते झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. कोणते पॅकेज वापरात नाही हे सांगणारे साधनही त्यांच्याकडे होते, पण त्याच्या शब्दावर ते कधी विसंबले नाहीत. अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज आटोपून ते माझ्याकडे येत, माझी सायंसंध्या होईपर्यंत काम करत. हिने चहा ठेवला की म्हणत, “वहिनी, साखर कमी. गुरुजीनं काढाची सवय लावली.” सवय त्यांनीच मला लावली होती. त्या दिवसांत मी घरातलीही दोन कपाटे रिकामी केली आणि भेटेल त्याला अपरिग्रहावर प्रवचन दिले.

शेवटी एकच संशयास्पद पॅकेज उरले. साधन सांगत होते की त्याला कुणी वापरत नाही. मास्तर मात्र अडले. “नाव कोडात दिसत नाही, खरं हाये. पन सेटिंगच्या फायलीतून कोनी नावानं हाक मारत असन त हे साधन पकडत नाही. सालाचा एक फेरा होऊ द्या, गुरुजी. तवा पाहू.”

मंडळाच्या सभेत मी काम पूर्ण झाल्याचे सांगणार होतो. यादीत एकही निरुपयोगी नाव नाही, हे वाक्य मी मनात घोळवून ठेवले होते. मी म्हणालो, “मास्तर, एवढा मोह बरा नव्हे. काढा.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. “तुमी म्हन्ता त काढतो.” काढले. सर्व पाने व्यवस्थित उघडली. सभेत टाळ्या झाल्या.

पुढे अधिक श्रावण आला. ते पॅकेज अधिक मास ओळखण्यासाठीच होते, एरवी निजून असे. ते नाही म्हणून संकेतस्थळ बंद पडले नाही, काही तक्रारही केली नाही. निज श्रावणातली स्मरणे त्याने निमूटपणे महिनाभर आधी पाठवली. इंझोरीच्या एका आजींचा फोन आला तेव्हा मला ते समजले. “गुरुजी, धोंड्याच्या महिन्यात मालकाचं पान वाढलं का हो म्या?” निज श्रावणात पुन्हा करता येईल, असे सांगून मी त्यांचे समाधान केले. त्यांनी तसे केलेही.

मंडळाची सभा बसली. मास्तरांना बोलावले होते. एक सदस्य त्यांच्यासमोरच म्हणाले, “आपल्या तिथीचं ह्यायले काय घेनंदेनं? दिसलं ते काढून टाकलं असन.” दुसऱ्याने मान डोलावली. मास्तर शांतपणे उत्तरले, “काढलं म्याच. हात माहाच होता.” मग त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. एका वाक्याचे काम होते. ज्या जिभेने मी सत्यावर वर्षानुवर्षे पाठ दिले, ती उचलली गेली नाही. मी समोरच्या तांब्याकडे पाहत राहिलो. काम त्यांच्याकडून काढून घेण्याचा ठराव झाला, आणि त्यावर माझीही सही आहे.

ही गोष्ट गावात पसरली. वर्गातली मुले कमी झाली. काही महिन्यांनी ते कुटुंबासह पुण्याला नोकरीवर गेल्याचे मला दुकानात कळले. मी फोन केला. चूक माझी होती, हे सांगितले. ते म्हणाले, “त्या आजीनं पुन्हा पान वाढलं ना, गुरुजी? मंग झालं.” आणि वहिनींच्या गुडघ्याची चौकशी करू लागले.

त्यानंतरच्या सभेत मी उभा राहिलो. ते पॅकेज मास्तर काढायला तयार नव्हते, मी त्यांना भाग पाडले, असे स्वच्छ शब्दांत सांगितले. कुणी रागावले नाही. त्या दिवशी बोललेले तेच सदस्य कागद आवरत म्हणाले, “आता कायले उकरता, गुरुजी? तो मानूस गेला ना.” आणि त्यांनी पुढचा विषय घेतला.