दादूसचा स्क्रूड्रायव्हर

दादूसनं आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही, आणि हे तो छाती काढून सांगायचा. लग्नात पानावर मटण कमी वाढलं म्हणून सख्ख्या मामेभावाशी तो मरेपर्यंत बोलला नाही. मग ज्यानं त्याचा हात घालवला, त्या जगनचं काय!

न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर खोळंबतात त्या रस्त्याला त्याचं गॅरेज. मी नवीन पनवेलची, बँकेतल्या बापाची लेक, मातीतल्या शर्यतीची मोटरसायकल ढकलत तिथे पोचले. थ्रॉटल झटकन पिळला की गाडी आधी गुदमरायची, मग कशीबशी उचलायची. बाकीच्या मेकॅनिकांनी कार्बोरेटर खोलून पेट्रोल सोडणारे जेट बदलून बदलून माझा जीव खाल्ला होता. "पोरी, खोलायची घाई कशाला? आधी हवा कुठनं शिरते ते बघ," दादूस म्हणाला. चालू गाडीतच त्यानं कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या रबरी जोडावर पाणी फवारलं. आवाज बदलला. म्हणजे हवा तिथूनच आत जात होती. जोडाचा पट्टा आवळला, गाडी ताळ्यावर आली. कुठलीही गाडी येवो, दादूस आधी हा पट्टाच बघायचा. मी त्यावरून त्याला चिडवायचे. कारण कळलं आणि चिडवणं सोडलं.

पूर्वी गाडी दादूस चालवायचा आणि जगन तयार करायचा. जगनला मात्र स्वतः चालवायची होती. एका शर्यतीत, मातीच्या उंचवट्यावरून गाडी उडवतात त्या उडीच्या तोंडाशीच, गाडी गुदमरली आणि दादूस डाव्या हातावर आपटला. क्लच पुन्हा कधी दाबता आला नाही. पडल्या जागेवरून त्यानं बघितलं, जगन त्याच्याकडे नाही, गाडीकडे धावला आणि पट्टा आवळून उठला. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. त्या दिवशी जेट दादूसनंच बसवले होते आणि त्याला ते जमत नाही, असं जगन गावभर सांगत सुटला आणि लोकांनी ते खरं मानलं. हातापेक्षा दादूसला तेच जास्त लागलं. जगनच्या तोंडून खरं वदवून घ्यायचं, एवढीच त्याची इच्छा राहिली होती.

गेल्या मोसमात चिरनेरकडच्या मैदानात जगनच्या पुतण्याची गाडी ऐन वेळी तशीच गुदमरायला लागली. पोरं कार्बोरेटर खोलायला धावली. जगन नुसता उभा. तो आवाज त्यानं ओळखला नसेल? मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. भोग आता, म्हटलं.

दादूस सगळ्यांदेखत त्याच्यापुढे गेला आणि स्क्रूड्रायव्हर धरला. "कुठं आवळायचं ते तुला ठावं हाय."

आपल्याला काही माहीत नाही, असं जगन म्हणाला.

"मंग उडू दे त्याला."

पुतण्यानं हेल्मेट घातलं. जगननं एकदा उडीकडे पाहिलं, खाली वाकला आणि त्याचा हात थेट पट्ट्यावर गेला. गाडी खणखणीत बोलली.

"माझा पट्टा कोनी सैल केला व्हता?"

"मी," जगन म्हणाला. आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं. शर्यत पुतण्यानंच मारली, पण दादूसचं तिकडे लक्षही नव्हतं. तो माझ्या गाडीला टेकून पोटभर हसत होता.

या थंडीत दादूस गेला. वहिनींनी, त्याच्या बायकोनं, तो स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. जगनही आला होता, ढसाढसा रडला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यानं कबूल केलं ना, आता सोड, असं वहिनी म्हणाल्या. सोडते कशाला! दादूसनं मला नुसता पट्टा आवळायला शिकवलं नव्हतं.