माझ्या नवऱ्याचा जपानी पैलवान

नवऱ्याच्या मैत्रिणीवर बायको जळली तर चार जण समजून तरी घेतात. मी ज्याच्यावर जळत होते तो पन्नाशीला टेकलेला, मानेला वळ्या पडलेला, रिटायर झालेला सुमो पैलवान होता. हे सांगायचं कुणाला? ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगून बघितलं, ती हसून हसून डब्यातलं खायची थांबली.

माझा नवरा दुबई मरीनातल्या एका टॉवरमध्ये मेंटेनन्स सुपरवायझर आहे. एकदा खालच्या मजल्यावरून कम्प्लेंट आली की वरच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी धाडधाड होतं, आमची दिवाणखान्यातली झुंबरं हलतात. हा बघायला गेला, तर आत एक अवाढव्य जपानी माणूस एक पाय खांद्याच्या उंचीपर्यंत उचलून दाणकन जमिनीवर आपटत होता. मग दुसरा पाय. तो जवळच्या जपानी हॉटेलात कुक होता आणि हा त्याचा सुमोतला, जन्माचा व्यायाम. कम्प्लेंट मिटवायला गेलेल्या माझ्या नवऱ्याने बूट काढले आणि त्याच्या शेजारी उभं राहून अर्ध्या अर्ध्या बैठका मारायला सुरुवात केली. त्या दिवशी घरी आला तो गुणगुणत. लग्न झाल्यापासून या माणसाला गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं.

घरी त्याचं बोलणं म्हणजे "हं", "वाढ", आणि "एसी कमी कर". तिकडे मात्र दर शनिवारी तासन् तास गप्पा. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला जपानी, आणि दोघांचं इंग्लिश म्हणजे नुसता आनंदीआनंद. गुड, नो गुड, अरबीतलं यल्ला म्हणजे चल, खलास म्हणजे संपलं, एवढ्या भांडवलावर यांची मैत्री चाललेली. फोनवर तो याला लाडाने "हबीबी" म्हणायचा आणि हा खुदकन हसायचा. माझ्या अंगाची लाही व्हायची. वीस वेळा विचारल्यावर एक शब्द देणारा माणूस, तो तिकडे काय एवढं सांगत असेल?

माझ्या जळण्याला मुळात एक जुनं कारण होतं. माझा नवरा लग्नाआधी कोल्हापूरकडच्या तालमीतला नाव घेण्याजोगा पैलवान. जत्रांतली मैदानं मारलेला. लग्न झालं आणि तो परत मातीत उतरलाच नाही, पुढे आम्ही दुबईला आलो. सासरी याचं खापर सरळ माझ्यावर फुटलं. पैलवानाने लंगोटाचा पक्का राहायचं असतं, बाईमाणसाची सावली पडली की ताकद गेली, असं तिकडे म्हातारेकोतारे अजून मानतात. "बायको आली आन् कुस्ती गेली," हे सासूबाई हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोरसुद्धा बोलायच्या. मी पुण्याची, म्हणजे तर आणखीच पांढऱ्या पायाची. मी ओठ आवळून वाण वाटत राहायचे. नवरा कधी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्यामुळे कुस्ती हा शब्द मी आमच्या घरात उच्चारतच नव्हते, आणि हा बाबा तिकडे मरीनात कुस्तीवरच बोलत बसायचा.

शेवटी मीच म्हटलं, आण एकदा जेवायला. बघू तरी कोण आहे.

शनिवारी दुपारी तो आमच्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये आला. दारातून जरा तिरका होऊन आत शिरला आणि कमरेत वाकला. मी मटण केलं होतं, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, आणि तव्यावरून गरम भाकऱ्या. नवरा, आमची मुलगी आणि पाहुणा जेवायला बसले, मी ओट्यापाशी. मुलगी इंग्लिशमध्ये प्रश्न विचारत होती आणि तो सावकाश, शब्द शोधत आपली कथा सांगत होता. शाळा संपल्या संपल्या, पंधराव्या वर्षी, वडिलांनी त्याला सुमोच्या गुरूकडे नेऊन सोडलं. पहाटे उठून उपाशीपोटी सराव. मग झाडलोट, स्वयंपाक, मोठ्या पैलवानांच्या पाठी चोळणं. जेवताना मोठे आधी बसायचे, लहानांनी मागे उभं राहून वाढायचं, आणि सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरेल ते खायचं.

एवढं सांगून तो माझ्याकडे बघत थांबला आणि मुलीला हळूच काहीतरी विचारलं. ती हसायला लागली. "आई, ही इज आस्किंग, तुझं प्रमोशन कधी होणार?"

नवराही हसला. मला नाही हसू आलं. कारण या पाहुण्याचं झालं होतं प्रमोशन. कुस्त्या जिंकत जिंकत तो वरच्या दर्जात गेला, तेव्हा त्याला पगार सुरू झाला, हाताखाली पोरं आली, आणि तो आधी जेवायला बसायला लागला. मी लग्नानंतर सासरी तेच तर केलं होतं, वाढायचं आणि शेवटी खायचं. पण सुनेला कुठली कुस्ती मारून वरच्या दर्जात जाता येतं? खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचं आयुष्य हिसकावून घ्यावंसं वाटलं.

मी भाकरी घेऊन टेबलाशी बसले. म्हटलं, आता ऐकतेच.

पगार सुरू झाल्यावरच त्याला लग्न करून वेगळं राहता आलं. खालच्या दर्जातल्याला तशी मुभा नसते. म्हणजे त्याच्याकडे बायको हे जिंकल्याचं बक्षीस. पुढे त्याचा गुडघा फाटला. तो एकेक पायरी खाली घसरला, पगार गेला, शेवटी थांबला. थांबला तेव्हा ओळीने माणसं येऊन त्याच्या शेंडीची एकेक बट कापत गेली आणि शेवटची कात्री गुरूने चालवली. हे ऐकताना माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या बाळंतपणात नव्हतं आलं.

"तुमच्या बायकोला लोक काय म्हणाले?" मी मुलीला विचारायला लावलं.

त्याला प्रश्नच कळेना. "डॉक्टर सेड, नी," तो गुडघ्यावर थाप मारत म्हणाला. "मास्टर सेड, नी. एव्हरीबडी, नी." त्या बाईचा मला भयंकर हेवा वाटला. तिच्या नवऱ्याचा गुडघा हा गुडघाच राहिला होता.

मग तो माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सेम सेम. हिज नी. बिफोर वेडिंग."

नवरा ताटातल्या हाडाकडे बघत राहिला. त्याच्या त्या गुडघ्याला मी किती हिवाळे तेल चोळलंय. दुबईत साइटवर पडलो, असं त्याने मला न विचारताच सांगितलं होतं.

पाहुण्याला काहीतरी चुकल्याचं समजलं. तो दोनदा वाकून लवकर गेला. मुलगी तिच्या खोलीत गेली. मी नवऱ्याला एवढंच विचारलं, "त्याला सांगितलंस, मला का नाही?"

"त्यानं विचारलं, गुडघ्याला काय झालं. घरात कुणी कधी विचारलंच नाही."

हे खरं होतं. मीसुद्धा विचारलं नव्हतं. कुस्ती का सुटली याचं उत्तर मला माहीत होतं ना, ते उत्तर मीच होते.

दर शनिवारी तो आईला फोन करतो. मी तो लावला, स्पीकर चालू केला आणि त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं, सांग. त्याने फोन जवळ ओढला.

"आई, माझा गुडघा लग्नाच्या आधीच गेला हुता. कुस्ती त्यानं सुटली. हिच्यामुळं न्हवं."

"मला ठावं हाय की," सासूबाई म्हणाल्या. "म्याच सगळ्यांस्नी गप बसवलं हुतं. लंगड्या पैलवानाला पोरगी कोण देणार हुतं?"